अनुभव धागा: १२ मार्च, मॉरिशस – तुम्ही काय पाहिलंत?

गलबत

मार्च उजाडला की मॉरिशसमध्ये राहून आलेल्या माणसाला सगळीकडे लाल-निळा-पिवळा-हिरवा दिसायला लागतो. गाडीच्या काचेला, बाल्कनीच्या कठड्याला, डालपुरीवाल्याच्या छत्रीला. मी नोकरीनिमित्त काही वर्षं कात्र बॉर्नला होतो, आता ठाण्यात आहे. अजूनही १२ तारखेला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, सकाळी फोनवर ‘बॉन फेत’चे (सणाच्या शुभेच्छांचे) निरोप येतात.

आपल्याकडे या दिवसाबद्दल एकच साचेबंद परिच्छेद वाचायला मिळतो. १२ मार्च १९६८, दुपारी बारा, पोर्ट लुईचं शां द मार्स मैदान, युनियन जॅक खाली, चौरंगी झेंडा वर, पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. सगळं खरं. पण त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. ऑगस्ट १९६७ची निवडणूक म्हणजे जवळजवळ सार्वमतच होतं. रामगुलामांची आघाडी स्वातंत्र्य मागत होती, गाएतां द्युवाल यांचा पक्ष ब्रिटनशी नातं टिकवा म्हणत होता. थेट निवडून येणाऱ्या ६२ जागांपैकी ३९ स्वातंत्र्यवाल्यांना मिळाल्या, २३ विरोधकांना. मतं मात्र साधारण ५६ विरुद्ध ४४ टक्के. म्हणजे दर पाच माणसांत दोघांना तो झेंडा नकोच होता! त्यामुळे तिथल्या ज्या ज्या घरी मी जेवलो, त्या घरात त्या दिवसाची गोष्ट निराळी निघाली.

धाग्याचं कारण तेवढंच. भाषणं आणि ज्ञानकोशातले उतारे नकोत. तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी काय पाहिलं ते लिहा. कुरकुरही चालेल.

रानमोगरा

मग पहिला हक्क माझा. मी जन्माने मॉरिशसची, घराणं मूळ रत्नागिरीकडचं, पुण्यात सून म्हणून आले. माझं मराठी आधी शाळेतलं आणि मग सासरचं, गोड मानून घ्या.

आजी-आजोबा ब्लॅक रिव्हर भागात उसाच्या मळ्यावर होते. आजीच्या आठवणीत १९६८ सुरू होतं ते जानेवारीत, मार्चमध्ये नाही. पोर्ट लुईत क्रिओल (आफ्रिकी आणि मिश्र वंशाच्या लोकांच्या) आणि मुसलमान वस्त्यांमध्ये दंगल पेटली. ब्रिटिश फौज मागवावी लागली, आणीबाणी लागली. आजीची बहीण तिथे राहायची. ती एका संध्याकाळी गाठोडं, शिलाई मशीन आणि दोन पोरं घेऊन आमच्या दारात उभी राहिली. ती सांगायची, गल्लीतले लोक एकमेकांशी घरं बदलत होते. तुझं मी घेतो, माझं तू घे, पण आपापल्या माणसांत राहू. सोहळ्याला इंग्लंडहून राजकन्या अलेक्झांड्रा यायची होती, ती या दंगलीमुळे आलीच नाही.

आणि घरातही दोन तट. आमच्या दाराला रामगुलामांच्या मजूर पक्षाची निशाणी किल्ली, शेजारच्या खोलीत राहणाऱ्या धाकट्या आजोबांच्या दाराला द्युवालांचा कोंबडा. एकच ओसरी! धाकट्या आजोबांचं म्हणणं साधं होतं: साखर इंग्लंड घेतं, इंग्लंड गेलं तर साखर कोण घेणार? ते काही अगदीच चुकीचं नव्हतं, तेव्हा सगळं बेट उसावरच जगत होतं. त्यांच्या ओळखीची कितीतरी क्रिओल कुटुंबं त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाला निघून गेली.

बारा तारखेला आजोबा लग्नातला कोट घालून लॉरीत बसून पोर्ट लुईला गेले. आजीने पोरांना पाठवलं नाही. झेंडा चढला तो तिने वाण्याच्या दुकानातल्या रेडिओवर ऐकला, आणि दुकानात तेलाचा भाव विचारायला आलेल्या बाईला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. रात्री आजोबा परतले ते एका पायात बूट घालून. दुसरा गर्दीत गेला. आजी त्या बुटावरून त्यांना मरेपर्यंत बोलायची, स्वातंत्र्यावरून कधीच नाही.

धाकटे आजोबा दिवसभर खोलीचं दार लावून बसले. पुढे टीव्ही आला तेव्हा दर १२ मार्चला सर्वांत पुढची खुर्ची त्यांचीच असायची. परेडमध्ये कुणाचं पाऊल चुकलं ते तेच दाखवायचे.

माझ्या वाट्याला आलं ते शाळेतलं. तिथे खरी मजा ११ तारखेला. पटांगणात झेंडा, पंतप्रधानांचा संदेश बाई वाचून दाखवणार (उन्हात उभं राहून तो संपायची वाट बघणं हा प्रत्येक मॉरिशियन मुलाचा सामायिक अनुभव), मग ‘मदरलँड’ हे राष्ट्रगीत. आमच्या मराठीच्या वर्गाला झाकरी या आमच्या नाचासाठी थोडा वेळ मिळायचा. घुंगरू एकाच जोडीचे, त्यामुळे नाचणाऱ्याच्या एका पायात एक आणि दुसऱ्याच्या एका पायात एक. शेवटी केक आणि लिमोनाद. केकवरच्या गुलाबी साखरेने हात चिकट व्हायचे आणि कागदी झेंड्याचा रंग त्या हातांना लागायचा.

सुईदोरा

माझा अनुभव लहान आणि वैतागाचा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची सहल, पोर्ट लुईचा बाजार बघायचा म्हणून राखून ठेवलेला दिवस नेमका १२ मार्च. सुट्टी! सहल ठरवणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं. शटरं बंद, रस्ते अडवलेले. यजमानांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शेवटी एका नाक्यावर डालपुरीची गाडी दिसली. तिथे डालपुरी जोडीनेच देतात, एक मागितली तरी दोन. मध्ये वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा दाट रस्सा, वरून हिरव्या मिरचीचं वाटण, आणि कागदात गुंडाळून हातात. गाडीवाल्याने आम्ही भारतातले कळल्यावर पैसे घेतले, पण झेंडा फुकट दिला. तो आमच्या फ्रिजवर आहे.

दर्यावर्दी

मी नौदलातून निवृत्त. आमचं जहाज पोर्ट लुईला होतं आणि शां द मार्सवरच्या संचलनात आमची तुकडी होती. भारतीय तुकडी तिथे नवलाईची नाही, पाहुणेही बरेचदा आपलेच असतात. २०१८ला राष्ट्रपती कोविंद, २०२४ला राष्ट्रपती मुर्मू, २०१५ आणि २०२५ला पंतप्रधान मोदी. २०१५च्या १२ मार्चलाच कोलकात्यात बांधलेली बॅराकुडा ही गस्तीनौका त्यांच्या तटरक्षक दलात दाखल झाली.

लोकांना माहीत नसतं ते सांगतो. त्या देशाला लष्करच नाही. संचलन करतात ते सगळे पोलीस दलाचेच: बँडवाले, तटरक्षक, विशेष दलाचे जवान. शिस्त कडक. आणि मैदान म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचं, १८१२ सालापासूनचं, दक्षिण गोलार्धातलं सर्वांत जुनं. हिरवळीखाली जमीन मऊ. मुंबईच्या डांबरी मैदानावर टाच आपटायची सवय असलेल्या आमच्या पोरांचा ठेका तिथे ऐकूच येईना. सरावात आमच्या चीफने आवाज सोडा, हाताकडे बघा, असं सांगितलं तेव्हा कुठे रांग जमली. मार्च म्हणजे त्यांचा वादळांचा हंगाम. सरावाच्या दिवशी धो धो पाऊस, पांढरे गणवेश गुडघ्यापर्यंत चिखलाचे. रात्रभर जहाजावर धुणं चाललं होतं.

रानमोगरा

@दर्यावर्दी, तुमच्याच तुकडीचं पाऊल धाकट्या आजोबांनी पकडलं असणार, खात्रीने सांगते.

पायवाट

१२ मार्च हीच तारीख का? दांडी यात्राही १२ मार्चलाच, १९३०ला निघाली होती. योगायोग?

गलबत

@पायवाट, तिथे सगळे गांधींच्या आठवणीसाठीच ही तारीख निवडली असं आवर्जून सांगतात. गांधीजी १९०१मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना मॉरिशसला उतरले होते, त्यामुळे जिव्हाळा जुना. प्रजासत्ताक व्हायलाही हीच तारीख घेतली, १९९२ साली. तोवर राष्ट्रप्रमुख इंग्लंडची राणीच होती. म्हणजे एका सुट्टीत दोन सण. माझ्या तिथल्या साहेबांच्या मते सरकारने एक सुट्टी वाचवली.

कोकणकडा

मी सौर पंपांच्या कामासाठी रॉड्रिग्जला होतो. मुख्य बेटापासून पूर्वेला साधारण साडेपाचशे किलोमीटर, त्याच देशाचा भाग. तिथे १२ मार्चला पोर्ट माथुरांमध्ये झेंडावंदन झालं, बँड झाला, पण घराघरांवर झेंडे फारसे दिसेनात. घरमालकिणीला विचारलं. ती दोरीवर ऑक्टोपस वाळत घालत होती, हात न थांबवता म्हणाली, ‘आमचा दिवस ऑक्टोबरात.’ १९६७ला या बेटाला पहिल्यांदा मताचा हक्क मिळाला आणि त्यांनी जवळजवळ एकमुखाने स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलं. स्वायत्तता मिळाली ती १२ ऑक्टोबर २००२ला. मी दोन्ही पाहिले. ऑक्टोबरात ढोल आणि नाच रात्रभर होता, हे खरं.

सायबरवाडी

एबेनच्या आयटी कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. १२ मार्चच्या आधी ऑफिसात सगळ्यांनी झेंड्याच्या रंगाचे कपडे घालायची टूम निघाली. आमच्यातला एक जण नेहमीच्या करड्या शर्टात आला. जेवताना सांगितलं, आई दिएगो गार्सियाची, म्हणजे चागोस बेटांपैकी एकावरची.

१९६५ला, स्वातंत्र्य देण्याआधी, ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली. मोबदला ३० लाख पौंड. मग अमेरिकेच्या तळासाठी १९७३पर्यंत तिथली सगळी माणसं हलवली. याच्या आईला ती लहान मुलगी असताना बोटीत घातलं आणि पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरवलं. तिथल्या रॉश ब्वा वस्तीत पत्र्याच्या खोलीत संसार. तिच्या लेखी १२ मार्च हा तिच्या घराच्या बदल्यात मिळालेला दिवस. मी एकदा त्यांच्याकडे गेलो, तिने नारळाच्या दुधातली माशाची आमटी वाढली आणि टीव्हीवरचं संचलन बंद करून मालिका लावली. मुलगा मात्र हळूच फोनवर संचलन बघत होता.

२०१९ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडणी बेकायदा ठरवली. मे २०२५मध्ये बेटं परत करण्याचा करार सह्यांपर्यंत आला, पण त्यात दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाड्याने तळाकडेच राहणार. मित्राला फोन केला. म्हणाला, आईने विचारलं, बाकीची बेटं घेऊन मी काय करू?

सुईदोरा

यंदा परत जायचं मनात आहे. संचलन बघायला मिळतं का बाहेरच्यांना?

गलबत

@सुईदोरा, मिळतं. अलीकडे मुख्य सोहळा संध्याकाळी असतो, शेवटी आतषबाजी. गर्दी दुपारपासूनच धरते आणि रस्ते लवकर अडवतात, तेव्हा गाडी न नेता मेट्रोने पोर्ट लुई गाठा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, मागचे ओरडतात. आणि बाजार ११ तारखेला उरकून घ्या.