तापमान पाहून पांढरा होणारा लेप: हवाच, की साधा पांढरा रंग पुरे?

गच्चीवाला: छताला पांढरा रंग दिला की घर थंड राहतं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तोच रंग हिवाळ्यातही ऊन परतवत बसतो आणि उन्हाळ्यात वाचवलेली वीज हीटर खातो. पीएनआयपॅम नावाचं पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा पदार्थ, इथे कामाचं वाटतं; पाण्यासोबत त्याचं जेल होतं. साधारण ३२ अंशांखाली त्याच्या साखळ्या पाणी धरून ठेवतात, तेव्हा जेल पारदर्शक असतं. त्यावर गेलं की साखळ्या पाणी सोडून आकसतात आणि जेल दुधासारखं होतं. खाली काळा थर दिला की छत थंडीत ऊन पिणार, उन्हाळ्यात परतवणार. ना वायर, ना सेन्सर. पुढची छतं अशीच असावीत असं माझं मत.

शंकेखोर: गफलत होतेय. लेपाला ऋतू कळत नाही, स्वतःचं तापमान तेवढं कळतं. हिवाळ्यातली निरभ्र दुपार घ्या. हवा १० अंश असली तरी काळा थर उन्हात तापून जेलला ३२ च्या पार नेऊ शकतो. म्हणजे ऊन हवंय तेव्हाच हा पांढरा! शिवाय उघड्यावर जेल वाळणार, कडक थंडीत गोठणार, ते वेगळंच.

गच्चीवाला: हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण ज्या तापमानाला जेल पांढरं होतं तो उंबरठा हलवता येतो की. पाण्याशी सलगी असलेला मोनोमर (साखळीचा सुटा दुवा) साखळीत मिसळला की तो वर सरकतो.

शंकेखोर: सरकवा ४५ वर. मग भर उन्हाळ्यात छत आधी ४५ पर्यंत तापणार, मगच पांढरं होणार, आणि दिवसभर तिथेच घुटमळणार. त्यापेक्षा कायमचा पांढरा बरा.

रंगारी: शंकेखोरांना अनुमोदन. कोलंबिया विद्यापीठाने २०१८ मध्ये सच्छिद्र पॉलिमरचा रंग दाखवला होता. ऊन सुमारे ९६ टक्के परततं आणि ब्रशनेही लागतो. जिथे हीटर लागतच नाही तिथे बदलणारा लेप हवाय कशाला? फक्त धूळ पुसत राहा.

निशाचर: सगळे उन्हावरच अडलात. छत रात्रीही उष्णता फेकतं. ८ ते १३ मायक्रोमीटरच्या अवरक्त लहरी कोरड्या हवेतून थेट आकाशात निसटतात. उन्हाळ्यात ते वरदान, थंडीच्या रात्री मात्र घरातलीच ऊब जाते. साधा पांढरा रंग ही गळती थांबवत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेला लेप नेमकी हीच गळती कमी करतो: हवा १५ अंशांखाली असताना उत्सर्जकता (उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.२०, ३० अंशांच्या वर ०.९०. आता त्यात काम करतो तो टंगस्टन मिसळलेला व्हॅनेडियम डायऑक्साइड (धातूचं ऑक्साइड), पॉलिमर नव्हे, हे कबूल.

रंगारी: छताखाली जाड उष्णतारोधक थर असेल तर हा फरक किती उरतो, तेही बघा.

गच्चीवाला: बरं, छत सोडलं. खिडकी? दोन काचांमध्ये जेल कोंडलं की वाळायचा प्रश्न नाही, आणि मागे काळा थर नसल्याने थंडीत ते सहसा पारदर्शकच राहील.

शंकेखोर: आणि उन्हाळ्यात बाहेरचं काही दिसणार नाही!

गच्चीवाला: मग छतातल्या झरोक्याला लावू. तिथून कोण बघत बसतंय?