सिंगल स्पीडसाठी (एकाच गिअरची सायकल) क्रँकसेट कोणता घेऊ? (रोजचा रस्ता रत्नागिरी–पावस)

मंडळी, नमस्कार. मदत हवी आहे.

वडिलांची जुनी रेसर सायकल दिवाळीत माळ्यावरून उतरवली. फ्रेम स्टीलची, रंग गेलेला, पण सडलेली कुठे नाही. मागे दोन्हीकडे आटे असलेला हब बसवून घेतला: एका बाजूला १८ दातांचं फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला १७चा फिक्स्ड कॉग (यावर चाकासोबत पेडलही फिरतच राहतं). पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक आहेत आणि ते काढणार नाही, तेव्हा त्यावर वाद नको.

दुखणं पुढच्या भागाचं आहे. मूळ क्रँक (पेडलचा दांडा) कॉटर पिनचा, म्हणजे एक्सलला पाचरीसारख्या खिळीने अडकवलेला; चेनव्हील (पुढचं दातेरी चाक, म्हणजेच चेनरिंग) ४८ दातांचं. भाट्याचा पूल ओलांडून चढाला लागलो की डावा पाय खाली जाताना दर फेरीला ‘टक’. दुकानात नेली की पिन ठोकून देतात, आठवडाभर गप्प, मग पुन्हा टक. दोन महिन्यांत तीन पिना झाल्या. त्यात ४८-१८ने तो चढ बसून होतच नाही. उभं राहून, हँडल ओढत, एसटीतल्या लोकांची करमणूक करत वर जावं लागतं. गोळपच्या सड्यावर (पठारावर) वारा पाठीशी असला तर मात्र हाच गिअर झकास वाटतो.

आता चौकोनी एक्सलचा क्रँकसेट टाकायचाय. हाताशी दोन आहेत. एक, मित्राच्या गिअरवाल्या सायकलचा उतरवलेला: अ‍ॅल्युमिनियमचा, १७० मिमी लांबीचा, पाच बोल्टांचा, १३० बीसीडी (चेनरिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, मिमीत). दुसरा नवा कोरा ट्रॅक क्रँकसेट (शर्यतीच्या ट्रॅकवरच्या सायकलींचा): १६५ मिमी, १४४ बीसीडी, ४८ची जाड चेनरिंग. खरं सांगायचं तर मन दुसऱ्यावर बसलंय. घेऊ का? आणि खाऱ्या वाऱ्यात हे अ‍ॅल्युमिनियम टिकतं का?

सड्यावरचा:
देखणेपणावर जाऊ नका. १४४वर ४१ दातांच्या खाली चेनरिंग बसतच नाही, आणि बाजारात मिळतात त्या बहुतेक ४६च्या पुढच्या. ट्रॅकवर चढ नसतो, तुमच्याकडे भाट्ये आहे. १३०वर थेट ३८पर्यंत उतरता येतं. ४२ची रिंग घ्या. ४२-१८ म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल पावणेपाच-पाच मीटर जाते; ४८ला साडेपाचच्या वर. हा फरक गुडघ्याला लगेच कळतो.

खाडीपलीकडून:
वरच्यांशी सहमत, एक भर. दोन रिंगांचा क्रँक असेल तर रिंग बाहेरच्या जागी लावू नका, आतल्या बाजूला लावा. तुमच्या हबवर कॉगची रेघ फ्रेमच्या मध्यापासून ४२ मिमीच्या आसपास असणार. क्रँकची आतली जागा त्याच्याजवळ येते, बाहेरची चार-पाच मिमी लांब पडते. चेन तिरकी धावली की करकरते, आणि फिक्स्डवर उतरली तर मागचं चाक जाम. बोल्ट मात्र एका रिंगचे आखूड घ्या, जुने लांब पडतात आणि रिंग सैल राहते. चेन १/८ इंची (जाड) असेल तर बारीक दातांच्या रिंगवर चालते. उलट बारीक चेन जाड रिंगवर बसत नाही.

धागाकर्ता:
आभार. मग १७० मिमी चालेल? फिक्स्ड बाजू लावली तर?

खाडीपलीकडून:
फ्रीव्हीलवर १७० बिनधास्त. फिक्स्डवर वळणात पाय थांबवता येत नाही, आतलं पेडल डांबराला घासलं की मागचं चाक उचललं जातं. म्हणून १६५ वापरतात. आणि पावसकडच्या उताराचा हिशोब करा: ४२-१७वर ४०चा वेग गाठलात तर पाय मिनिटाला १२८-१३० वेळा फिरतील. मजा पहिल्या दिवशी येते. मी तर म्हणेन, फ्रीव्हीलच ठेवा.

सड्यावरचा:
खाऱ्या वाऱ्याचं राहिलं. स्टीलचा एक्सल आणि अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक, मध्ये खारट ओल, की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. पावसाळ्याआधी एकदा क्रँक ओढून काढा, पुसा, परत लावा. त्यासाठी पुलर घ्यावा लागतो, हातोडीने काढू नका. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने बोल्ट पुन्हा आवळा. सैल क्रँकवर चालवलात तर चौकोनी भोक गोल होतं आणि तो क्रँक भंगारात. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, क्रँकच्या एक्सलचं बेअरिंग) कपांच्या आट्यांना भरपूर ग्रीस. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, हे विसरून जोर लावणारे बरेच आहेत. आधी बीबीचा शेल (फ्रेमची ती आडवी नळी) मोजा, ६८ मिमी भरतो का?

धागाकर्ता:
मोजला, ६८. ट्रॅकवाला परत पाठवतोय, जरा जिवावर आलं. ४२ची रिंग मागवली. पण जुना क्रँक निघत नाहीये. डावी पिन रॉकेल टाकून दोन दिवस भिजवली, हलत नाही.

मालवणकर:
थेट खिळीर हातोडो मारू नको रे, मेल्या. नट पुरता काढू नको, आट्यांच्या टोकाशी सपाट ठेव, म्हणजे आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकव, खिळीचं जाड डोकं पाइपच्या भोकात येईल असा. आता नटावर एकच जोरदार घाव. पाइप नसेल तर सगळा मार छऱ्यांवर जातो.

धागाकर्ता:
निघाली! दुसऱ्याच घावाला. पिनेच्या चपट्या बाजूवर नखाने जाणवेल अशी आडवी खाच पडली होती, एक्सलच्या कडेची. टक तिथूनच येत होतं. उजवी अजून जागेवरच आहे, उद्या तिचा नंबर.