सरकार युद्धाचं देतं ते काय: कारण, निमित्त की सबब?

गोदाकाठ
आमच्या वाचनगटासाठी मी २००३ च्या इराक युद्धावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. लिहिणारा अमेरिकी, मुलगा सैन्यात. त्याचं म्हणणं एवढंच की पोराला पाठवताय तर का पाठवताय ते नीट सांगा, आणि हे विचारलं म्हणून मी देशाचा वैरी ठरत नाही.

मी लिहिलं, 'सरकारने पुढे केलेली सबब तपासण्याचा हक्क नागरिकाला आहे.' माझे सासरे तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, १९७१ ला लढले. देवळालीत राहतात. त्यांनी वाचून कागद खाली ठेवला. म्हणाले, "सबब शाळा बुडवणारा पोरगा सांगतो. सरकार कारण देतं."

तेव्हापासून अडून बसलेय. 'कारण' म्हटलं की सरकारचं पटलं असा अर्थ होतो. 'निमित्त' म्हटलं की खोटं ठरवून मोकळे. लेखक युद्ध सुरू व्हायच्या आधी लिहितोय, त्याला दोन्हींतलं काहीच म्हणायचं नाही. काय लिहू?

जेलरोडचा टंकलेखक
ताई, सबबीला उगाच बदनाम केलंय. मी कोर्टात ३१ वर्षं टंकलेखन केलं. 'अर्जदाराने मुदतीत कागदपत्रे दाखल केली नाहीत, सबब अर्ज नामंजूर.' इथे सबब म्हणजे 'या कारणाने'. मूळ अरबी शब्दाचा अर्थही कारण असाच. खोटेपणा मागाहून चिकटला. तुमचं वाक्य बरोबर आहे, बदलू नका.

सातपूर
काका, निकालपत्रातली सबब दोन वाक्यं जोडते, तिच्याबद्दल तक्रार नाही. 'सबब पुढे करणे' वेगळं. नाचता येईना त्याचं वाकडं अंगण, ती ही सबब. मला वाटतं दोष नामात नाहीच, क्रियापदात आहे. कारण 'देणे' आणि 'सांगणे' सरळ. 'पुढे करणे' म्हटलं की मागे काहीतरी लपवलंय असं ऐकू येतं. 'सांगितलेली कारणे' लिहा, सुभेदारसाहेबही हरकत घेणार नाहीत.

भगूर मास्तर
सबब मुळात हवीच कशाला? 'प्रयोजन' आहे, 'हेतू' आहे. आमच्या गावात जन्मलेल्या सावरकरांनी दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द रुजवले आणि आज कुणाला ते परके वाटत नाहीत. देशप्रेमावर लिहिताना तरी भाषा आपली असावी.

तोपची
मास्तर, मान राखून सांगतो. मी नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात शिकलो. 'तोफ' तुर्की आहे. 'लष्कर' फारसी, 'फौज' अरबी. हे शब्द अंगावर घेऊन माणसं मेली आहेत, ते परके कसे? शिवाय 'हेतू' तर त्याहून गोंधळाचा. हेतू मनात असतो, कारण बाहेर सांगितलेलं असतं. तो बाप नेमकं हेच विचारतोय की दोन्ही एकच आहेत का.

भगूर मास्तर
वापर झाला म्हणून शब्द आपला होत असेल, तर उद्या वाक्यच्या वाक्यं इंग्रजीत बोलू. महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश, करवून घेतला तो उगाच नाही. हेतूबद्दल तुमचं मात्र मान्य.

गोदाकाठ
तोपचीदादा, हेच! ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल सुरक्षा परिषदेत इराककडे संहारक अस्त्रं असल्याचे पुरावे मांडत होते तेव्हा कित्येकांना ते कारणच वाटलं. युद्धानंतर शोध घेतला तेव्हा संहारक अस्त्रांचे साठे मिळाले नाहीत. तोच मजकूर आधी कारण होता, नंतर सबब झाला. आज भाषांतर करणारीने कुठल्या दिवसाचा शब्द वापरायचा?

सातपूर
शब्द निवडताना कसे हात बांधलेले असतात पाहा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने इराकवर ठराव केला. इंग्रजीत सौम्य शब्द घ्यायचा की कडक, यावर सरकार आणि विरोधक अडले. शेवटी हिंदी 'निंदा' घेतला. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्याला हवा तेवढा कडक करून घ्यावा. मराठीत निंदा म्हणजे पाठीमागे वाईट बोलणं. आपण असतो तर 'निषेध' म्हणालो असतो.

जेलरोडचा टंकलेखक
विचारणं म्हणजे द्रोह नव्हे याला लांब कशाला जायचं? ८ नोव्हेंबर १९६२ ला, चीनशी लढाई चालू असताना संसद बसली. अधिवेशन लवकर घ्या म्हणणाऱ्यांत वाजपेयी होते. पुढे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ ला आपल्या नाशिकमधून बिनविरोध निवडून गेले आणि त्याच सप्टेंबरात नेफातल्या (आताचा अरुणाचल प्रदेश) पराभवाच्या चौकशीत काय आढळलं ते त्यांनी लोकसभेत सांगितलं. नाशिकचा खासदार उभा राहून आपल्याच फौजेच्या उणिवा मोजत होता. त्यांना कुणी देशद्रोही म्हणालं नाही.

तोपची
पण काका, तो अहवाल काही लोकांसमोर ठेवला नाही. आणि चौकशी लढाई *कशी* झाली याची होती. ताईंच्या लेखात प्रश्न *का* असा आहे. 'कसं' विचारलेलं सैनिकाला आवडतं, त्याचा जीव वाचतो. 'का' विचारलं की त्याला वाटतं, आपण गेलो ते फुकट. सुभेदारसाहेबांना तेच लागलं असणार.

मेरी कॉलनी
मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली. कामावर उशीर झाला की आम्हाला 'कारणे दाखवा' नोटीस यायची. तिच्यात आरोप नाही, माफीही नाही. सांगा, मग ठरवू. गोदाकाठ, 'सरकारला युद्धाची कारणे दाखवायला लावण्याचा हक्क' असं करून बघा.

गोदाकाठ
मेरी कॉलनी, हे आत्ताच मामंजींना वाचून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोटीस वरचा खालच्याला देतो." मी म्हटलं, मग इथे वरचं कोण? उत्तर दिलं नाही, चहा मागितला. वाक्य तूर्त तसंच ठेवलंय, पण 'नोटीस'चा कोरडा वास लेखात शिरेल अशी भीती आहे.

भगूर मास्तर
लेखात मेलेल्या सैनिकांसाठी काय शब्द घेतलात? 'शहीद' नसावा. 'हुतात्मा' घ्या.

सातपूर
हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. ज्याला पाठवलं त्याला कसा लावणार? शहीद शब्दाचं मूळ तर साक्ष देण्यात आहे.

भगूर मास्तर
सैनिक स्वतः भरती होतो. आहुती त्याचीच.

तोपची
आमच्या आजीच्या तोंडी दोन्ही शब्द नव्हते. तिचा थोरला भाऊ लढाईत गेला. ती एवढंच म्हणायची, "दादा कामी आला."

गोदाकाठ
मी शेवटच्या परिच्छेदात 'ठार झाले' लिहिलं होतं. 'कामी आले' लिहिलं तर कोणाच्या कामी, हा बापाचा प्रश्न त्या शब्दातच येतो. पण आज वाचणाऱ्याला तो कळेल का? बखरींमध्ये 'कामास आले' वाचल्याचं आठवतं. कुणाकडे नेमका उतारा असेल तर रविवारच्या आत टाका, रविवारी वाचन आहे.