धनुष्यासाठी लाकूड कोणतं घ्यावं?

प्रश्न (कळवा): हाताने साधं धनुष्य करायचंय. वखारीत सागाची पट्टी सहज मिळते. चालेल का?

उत्तर: साग दारं-खिडक्यांना उत्तम, पण जास्त वाकवला की तडकायची भीती. धामण झाडाचं लाकूड मिळालं तर सोडू नका, चिवट आणि लवचीक असतं. नाहीतर जून, जाड बांबू. येऊरच्या जंगलातून मात्र काडीही तोडू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे!

बांबूची चकचकीत पाठ निशाणाकडे ठेवा, ताण तीच सोसते. तासायचं फक्त पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या आतल्या बाजूने. पाठीचे धागे कापले गेले की चीर तिथूनच जाते.

प्रश्नकर्ता: ओलाच घडवू का?

दुसरं उत्तर (ऐरोली): नको हो. टोकांना मेण लावून सावलीत सुकवा. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट, दिवाळीनंतरच हात घाला.