मिसळणे वेगळं, कालवणे वेगळं

‘मिसळ’ हा शब्द फारसी ‘मिसल’वरून आला, असं काही जण सांगतात, ते पटत नाही. ती मिसल वेगळी, म्हणजे कागदपत्रांची फाईल. आपलं मिसळणं घरचंच आहे. संस्कृत ‘मिश्र’चं प्राकृतात ‘मिस्स’ झालं, त्याला पुढे ‘ळ’ लागला. ‘मिश्रण’ आपण संस्कृतातून जसंच्या तसं उचललं आणि ‘मिसळ’ बोलता बोलता झिजून आली, म्हणजे दोघी एकाच आईच्या लेकी.

पण मिसळणे आणि कालवणे यांना सरसकट एकच अर्थ देऊ नका. आमच्या नाशकात मिसळीची ताटली येते तेव्हा मटकी, शेव, कांदा सगळं सुटं असतं, रस्सा वेगळ्या वाटीत. तो ओतून चमचा फिरवला तरी मटकी मटकीच राहते, शेवही थोडा वेळ कुरकुरीत लागते. हे मिसळणं. कालवायला मात्र हात लागतो. आजी बाजरीची भाकरी बारीक कुस्करायची, वरून गरम रस्सा घालून पाचही बोटांनी दाबून दाबून कालवायची. भाकरी कुठे संपली आणि रस्सा कुठे सुरू झाला ते कळायचं नाही. म्हणून तर रश्श्याला आमच्याकडे ‘कालवण’ म्हणतात: ज्यात भाकरी कालवायची ते. मनात होते तीही कालवाकालवच, कारण तिथेही एक भावना दुसरीपासून सुटी काढता येत नाही. तिथे ‘मिसळामिसळ’ म्हणून बघा, अर्थच उरत नाही.