चुका पोटात घालणारा ड्रायव्हर कोणता? १०.५ की १२ अंश? (नाशिक)

सोमेश्वर_सकाळ

नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपासून गोल्फ शिकतोय. उजव्या हाताने खेळतो, वय ४४, उंची ५ फूट ६ इंच. सात नंबरच्या आयर्नची कॅरी (हवेतलं अंतर) १२५ यार्डांच्या आसपास, आणि तो सरळ जातो. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मात्र दहापैकी सात वेळा उजवीकडे वळत निघून जातो. सध्याचा ड्रायव्हर उसना आहे, ९ अंश लॉफ्टचा (चेंडूला लागणाऱ्या फेसचा कल), स्टिफ म्हणजे कडक शाफ्टचा (दांड्याचा).

स्वतःचा घ्यायचा आहे, बजेट २५ हजार. जाहिरातीत प्रत्येकच ड्रायव्हर 'फॉरगिव्हिंग' असतो. त्यातला खरोखर चुका पोटात घालणारा कसा ओळखायचा? १०.५ घ्यावा की १२? आणि एवढ्या पैशात नवा घ्यावा की वापरलेला? नाशिकमध्ये गोल्फ क्लब म्हटलं की कान्हेरे मैदानच (नाव 'गोल्फ क्लब', खेळ क्रिकेटचा) डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे विचारायला जाणकार माणूस चटकन सापडत नाही. म्हणून इथे विचारतोय.

अंबड_टूलरूम

पहिलं काम म्हणजे ते ९ अंश स्टिफ ज्याचं त्याला परत द्या. सात नंबर १२५ यार्ड म्हणजे तुमचा ड्रायव्हरचा वेग साधारण ताशी ८० ते ८५ मैल असणार. त्या वेगाला तो क्लब तुमच्याशी भांडतच राहील.

आता मूळ मुद्दा. फ्लायव्हीलचं वजन जितकं काठाला, तितकं ते जागचं हलवायला जड जातं, हे आपल्याकडे कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. ड्रायव्हरच्या हेडचंही तेच आहे. हेड साधारण २०० ग्रॅमचं, आणि नियमाने आकारमान जास्तीत जास्त ४६० घनसेंटिमीटर. एवढ्यात जे काही करायचं ते करायचं. वरचा भाग कार्बनचा केला की काही ग्रॅम वाचतात, ते टंगस्टनच्या रूपात मागच्या टोकाला आणि कडांना नेऊन ठेवतात. मग चेंडू मध्यापासून दीड-दोन सेंटिमीटर बाजूला लागला तरी हेड कमी वळतं आणि चेंडूचा वेग कमी मरतो.

याचं माप म्हणजे एमओआय (मोमेंट ऑफ इनर्शिया, हेडचा वळायला होणारा विरोध). उभ्या आसाभोवती नियमाची मर्यादा ५९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर आहे. २०२४ पासून '१०के' नावाने जे हेड विकले जातात (पिंगचा जी४३० मॅक्स १०के, टेलरमेडचा क्यूआय१० मॅक्स), त्यातला १०,००० हा आकडा उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही आसांची बेरीज आहे. म्हणजे नियमाच्या दुप्पट काही नाही, ५९०० ची मर्यादा त्यांनाही आहेच. आकडा बघून दिपून जाऊ नका.

आणि हे नीट ध्यानात घ्या : एमओआय पोटात घालतो ती चेंडू कुठे लागला याची चूक. फेस कुठे बघत होता, ही चूक तो पोटात घालत नाही. फेस उघडा राहिला तर जगातला सगळ्यात मोठा एमओआय असलेला ड्रायव्हरही चेंडू उजवीकडेच पाठवणार. कित्येक नवे लोक महागडा हेड घेऊन तोच स्लाइस (उजवीकडे वळणारा फटका) मारत राहतात, त्याचं कारण हे.

म्हणून खरेदीच्या आधी तुमची चूक कोणत्या जातीची आहे ते बघा. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या. चेंडूवर रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान ठिपका भरून काढा आणि तो ठिपका क्लबच्या फेसकडे येईल असा चेंडू टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) ठेवा. फेस कोरड्या फडक्याने पुसलेला हवा. फटका मारला की ठिपक्याचा छाप फेसवर उमटतो. फोटो काढा, पुसा, पुढचा चेंडू. अंग मोकळं करायचे पहिले पाच-सहा फटके सोडून दहा मोजा, आणि फसलेला एकही वगळू नका. दहाही फोटो इथे सांगा : खूण हीलकडे (शाफ्टजवळच्या बाजूला) की टोकडे (शाफ्टपासून लांबच्या बाजूला), वर की खाली, आणि चेंडू निघाला कुठल्या दिशेने.

सोमेश्वर_सकाळ

केलं. सात खुणा हीलकडे, मध्यापासून साधारण बोटभर अंतरावर. दोन मध्यावर, एक टोवर. जवळपास सगळ्या फेसच्या खालच्या अर्ध्यात. चेंडू थोडा डावीकडे निघतो आणि मग उजवीकडे वळतो.

गोदाकाठ_५८

चांगलं मोजलंत. यावरून बरंच कळतं.

डावीकडे निघून उजवीकडे वळणं म्हणजे क्लब बाहेरून आत येतोय आणि त्या वाटेच्या मानाने फेस उघडा आहे. निघण्याची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, वळण हे फेस आणि वाट यांतल्या फरकाचं. त्यात हीलवरचा फटका तेल ओततो. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकली की उलट फिरतात ना, तसं हेड आणि चेंडूचं होतं. टोवर लागला तर चेंडूला डावीकडची फिरकी मिळते, हीलवर लागला तर उजवीकडची. म्हणजे तुमचा स्लाइस दोन ठिकाणांहून पैसे घेतोय. फेसच्या खालच्या भागात लागल्यामुळे मागची फिरकी वाढते आणि उड्डाण बुटकं राहतं, हा तिसरा तोटा.

लॉफ्ट : तुमच्यासाठी १२. किंवा होझल (हेडमधली शाफ्ट बसवायची नळी) फिरवून १२ पर्यंत नेता येईल असा १०.५. लॉफ्ट वाढला की मागची फिरकी वाढते, आणि फेस तेवढाच उघडा असला तरी फिरकीचा आस कमी कलतो, म्हणून वळण कमी दिसतं. ९ अंशावर जी चूक शेजारच्या फेअरवेत जाते, ती १२ वर रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) थांबते. शिवाय ८०-८५ मैलांच्या वेगाला १४-१५ अंशांचं उड्डाण हवं असतं, ते ९ अंशांच्या हेडमधून ओढून काढावं लागतं. होझलने लॉफ्ट वाढवला की फेस किंचित बंदही होतो, हे तुमच्या फायद्याचंच. कंपनीनुसार १ ते २ अंशांपर्यंत फरक करता येतो. हेडवर छापलेला लॉफ्ट आणि प्रत्यक्षातला, यांत एखाद्या अंशाचा फरक निघतो, म्हणून अर्ध्या अंशासाठी जीव काढू नका.

लांबी : माझ्या मते तुमच्या बाबतीत ब्रँडपेक्षा ही मोठी गोष्ट आहे. बाजारातले बहुतेक ड्रायव्हर ४५.५ ते ४५.७५ इंचांचे असतात. ५ फूट ६ इंचाच्या नवशिक्याला ते लांब पडतात आणि मध्य सापडत नाही. आधी फुकटचा उपाय करा. ग्रिपवर एक इंच खाली धरा आणि तीच मार्करची चाचणी पुन्हा करा. दहापैकी सहा खुणा दहा रुपयांच्या एका नाण्याखाली झाकल्या गेल्या तर समजा की तुमची लांबी ४४.५ च्या आसपास आहे. मग हवं तर शाफ्ट ग्रिपच्या टोकाकडून कापून घ्या, हेडकडून कधीच नाही. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हाताला जाणवणारं हेडचं वजन) साधारण तीन पॉइंटने उतरतो आणि हेड हाताला हलकं, हरवल्यासारखं लागतं. दोन ग्रॅमची शिशाची पट्टी एक पॉइंट परत देते. म्हणजे अर्ध्या इंचाला सहा ग्रॅम. ती पट्टी सोलवर (हेडच्या तळाला) हीलच्या बाजूला चिकटवा.

शाफ्ट : रेग्युलर, ५० ते ६० ग्रॅमचा. 'आर' (रेग्युलर) आणि 'एस' (स्टिफ) या अक्षरांना सगळ्या कंपन्यांत मिळून एकच माप नाही, एकाचा आर दुसऱ्याच्या एसच्या जवळ जातो. म्हणून अक्षर वाचून नको, मारून बघून ठरवा.

ड्रॉ-बायस, म्हणजे चेंडू डावीकडे वळायला मदत करणारं हेड (पिंग जी४२५ एसएफटी, टेलरमेड सिम२ मॅक्स डी अशी) तुम्हाला चालेल, कारण त्यात वजन हीलकडे सरकवलेलं असतं आणि तुमचा चेंडू लागतोही तिथेच. खुणा टोकडे असत्या तर मी नको म्हटलं असतं. पण त्याने कड सावरते, बाहेरून आत येणारा स्विंग सरळ होत नाही. त्यावर प्रशिक्षकासोबत दोन-तीन तास घालवा, ते पैसे ड्रायव्हरच्या बजेटमधूनच बाजूला काढा.

पांडवलेणी_पायथा

२५ हजारांत माझं मत स्पष्ट आहे : चांगला वापरलेला. पिंगचा जी४०० मॅक्स २०१८ चा आहे आणि आजही नवशिक्याला त्यात काही कमी पडत नाही. जी४२५ मॅक्स मिळाला तर आणखी बरं, त्याचं मागचं २६ ग्रॅमचं वजन ड्रॉच्या खाचेत बसवता येतं.

पण वापरलेला घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. उन्हात उभे राहा आणि फेस जिथे क्राउनला (हेडच्या वरच्या भागाला) मिळतो ती शिवण नखाने चाचपा. केसासारखी रेघ नखाला लागली तर तो रंगाचा ओरखडा नसून तडा असू शकतो. होझलच्या मुळाशी पण तसंच बघा. हेड कानाजवळ धरून हलवा. खडखड म्हणजे आतला गोंदाचा तुकडा सुटलेला आहे. त्याने चेंडूला फार फरक पडत नाही, पण प्रत्येक फटक्याला कानाला टोचतं, आणि किंमत कमी करून घ्यायला ते कारण पुरेसं आहे. शाफ्ट अ‍ॅडॉप्टरमध्ये (शाफ्ट हेडला जोडणाऱ्या भागात) जातो तिथली काळी रिंग वर सरकून फट पडली असेल तर गोंद ढिला झालाय. हेड एका हाताने धरून शाफ्ट पिळा, जराही हललं तर सोडून द्या.

अ‍ॅडॉप्टर त्याच कंपनीचा असावा लागतो, एकाचा दुसऱ्यात बसत नाही. सोबत टॉर्क रेंच मागून घ्या. साधारण ४० इंच-पाउंडला तो टक् करून सुटतो. साध्या पान्याने आवळलात तर एक तर ढिला राहील, नाही तर आटे जातील.

नकली मालही फिरतो. होझलवरचा सीरियल नंबर कोरलेला हवा, छापलेला किंवा स्टिकरचा नको. त्या नंबराची कंपनीकडे खातरजमा करा. क्लबच्या स्पर्धा खेळायच्या असतील तर मॉडेल आर अँड ए (गोल्फचे नियम ठरवणारी संस्था) च्या मान्य ड्रायव्हरांच्या यादीत आहे का तेही बघून घ्या.

एप्रिल-मेमध्ये क्लब गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका. नाशिकच्या उन्हात बंद डिकी इतकी तापते की शाफ्टचा गोंद मऊ पडतो, आणि वरच्या 'फट' आणि 'खडखड' या दोन्ही तक्रारी पुष्कळदा तिथूनच सुरू होतात.

अंबड_टूलरूम

थोडी भर. मारून बघायला मुंबई किंवा पुण्याला गेलात तर आकडे कसे वाचायचे ते सांगतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणून चेंडू इथे मुंबईपेक्षा दोनेक टक्के जास्त जातो. चेंबूरला (मुंबईच्या गोल्फ मैदानावर) १८० यार्ड आला तर इथे १८३-१८४ धरा. पुण्याची उंची आपल्या जवळपासच, येरवड्याच्या गोल्फ मैदानावरचे आकडे तसेच धरायला हरकत नाही. मशिनवर मारत असाल तर त्यात कोणती उंची भरली आहे ते आधी विचारा.

दोन हेड तुलनेला घ्या, प्रत्येकी दहा चेंडू, आळीपाळीने पाच-पाच. सगळे एका हेडने आधी मारले तर दुसऱ्याच्या वाट्याला थकलेला हात येतो. सगळ्यात लांब गेलेला चेंडू विसरून जा. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट चेंडूंच्या कॅरीत फरक किती, आणि डावी-उजवी पसरण किती, हे दोन आकडे कागदावर मांडा. ज्याची पसरण अरुंद तो तुमचा, मग तो दहा यार्ड कमी जाईना का.

जून ते सप्टेंबर इथली जमीन इतकी ओली असते की चेंडू पडला तिथेच बसतो, घरंगळून मिळणारं अंतर शून्य. त्या चार महिन्यांत १२ अंशांचा लॉफ्ट सरळ फायदा देतो, कारण हवेतलं अंतर तेवढंच खरं. पावसाळ्यात ग्रिप सुती धाग्याची (कॉर्ड) घेतली तर हात घसरत नाही.

सोमेश्वर_सकाळ

मनापासून आभार. एक इंच खाली धरून आज पुन्हा मारले, हीलवरच्या खुणा सातवरून चारवर आल्या. पण अजून फेसच्या खालच्या अर्ध्यातच लागतात. याला काय करू?

गोदाकाठ_५८

टी बुटकी आहे. रेंजवरच्या रबरी टीची उंची ठरलेली असते आणि ती ड्रायव्हरला बहुधा कमी पडते, शक्यतो गवतावर लाकडी टी लावून मारा. क्लब जमिनीवर टेकवला की चेंडूचा अर्धा भाग क्राउनच्या वर दिसला पाहिजे. चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण २१ मिलिमीटर वर. ८३ मिलिमीटरची टी घ्या, वाटीपासून ३८ मिलिमीटर मोजून मार्करने रेघ मारा आणि रेघेपर्यंत जमिनीत खोचा. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर ठेवा, त्याच्या मागे नको. आधी एवढंच बदला, बाकी कशाला हात लावू नका, आणि पुन्हा दहा खुणा घ्या.