मदत हवी आहे: उन्हाळ्यात दही लईच आंबट व्हायलंय

मंडळी, परभणीत सध्या पारा 43 च्या पुढं चाललाय आणि माझं दही रोज बिघडायलंय. हिवाळ्यात हेच विरजण रात्रभर ठेवलं तरी सकाळी दूध तसंच पातळ असायचं, डबा शालीत गुंडाळून ठेवावा लागायचा, आन् आता दुपारी 12 ला लावलं की 4 वाजेपर्यंत वर पिवळसर पाणी सुटतं, खाली दह्याचे तुकडे, आणि चव अशी की सासरे म्हणाले हे काय चिंच घातली का.

मला एवढं कळतं की विरजणातल्या जिवाणूंना 40-42 डिग्री लई मानवते, म्हणजे आमचं स्वयंपाकघरच त्यांचं घर झालंय, थांबायचं नावच घेत नाहीत. म्हणून परवा विरजण अर्धा चमचाच घातलं, अर्धा लिटर दुधाला, जरा फरक पडला पण जास्त नाही. एकदा घाईत गरम दुधातच घातलं तर लागलंच नाही, मेले असणार बिचारे.

लागलं की फ्रिजमध्ये ठेव म्हणाल, पण दुपारी लाईटच नसते हो, ती आली की दही गेलेलं असतं. मातीच्या गाडग्यात लावून ते ओल्या फडक्यात ठेवलं तर जमेल का? आपल्याकडं हवा कोरडी, माठातलं पाणी तर मस्त गार होतं. कुणी केलंय का असं? आणि विरजण रात्री किती वाजता लावता तेबी सांगा, रविवारी पाहुणे यायलेत, मठ्ठा करायचाय.